निळ्यावर निळं

गोजरला पहिला मार लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बसला. तिची काही चूक झाली होती असं नाही. काळूरामच्या हातात बैल हाकायची काठी होती आणि समोर गोजर होती, एवढंच. त्या वर्षी तिचे समोरचे दोन दात गेले. पुढल्या वर्षी डाव्या हाताची करंगळी मोडली. ती कोणी बांधली नाही, म्हणून अजून बाहेरच्या बाजूला बघते. किन्हवलीच्या पलीकडच्या त्या गावात तेव्हा कोणाच्या घरातून ओरडा आला की शेजारी आपल्या दाराला कडी घालीत. मारणाऱ्याची लाज राखायला घालीत की मार खाणारीची, ते कडी घालणाऱ्यालाच ठाऊक.

बारा वर्षं गोजरने खाल्लं. मग एका दुपारी काळूरामने आमटी सांडलेलं ताट तिच्या तोंडावर फेकलं, तेव्हा तिने उखळीपासचं मुसळ उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो ओरडला तेव्हा पण घातलं, ओरडायचा थांबला तेव्हा पण घातलं. महिनाभर तो लंगडत शेतावर जायचा आणि बांधावरून घसरलो म्हणून सांगायचा. त्यानंतर मरेपर्यंत त्याने तिच्या अंगावर हात टाकला नाही. गावच्या बाया ही गोष्ट अजून सांगतात आणि पदर तोंडाला लावून हसतात. गोजर पण हसते.

दुसरी एक गोष्ट होती, ती गोजर कोणाला सांगत नसे.

आता तिचं वय त्र्याहत्तर. काळूराम केव्हाच गेला. मुलगा साईनाथ कामावर जायला पहाटे आसनगावची लोकल गाठतो, सून अंगणवाडीत जाते, घरात गोजर आणि कोंबड्या. तीन वर्षांमागे तिला चक्कर यायला लागली म्हणून साईनाथने तिला मुरबाडच्या वाटेवरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरण्या डॉक्टरने सगळं साईनाथला विचारलं. झोप लागते का यांना, जेवतात का, पोट साफ होतं का. गोजरने दोन मिनिटं ऐकून घेतलं, मग डॉक्टरच्या टेबलावर हाताची थाप मारली.

"मी बहिरी नाय आन मेली पण नाय. पोट माझं हाय, मला इचार."

मागच्या खुर्चीत डॉ. राही बसल्या होत्या. पन्नाशीची बाई, आवाज बारीक, नजर टोकदार. दवाखान्यात त्या नव्या डॉक्टरांना म्हातारी माणसं बघायला शिकवायच्या. त्यांचं म्हणणं असं की या पोरांना बाळंतपण येतं, साप चावलेला येतो, पण सत्तरीचं माणूस समोर आलं की ही पोरं त्याच्या मुलाशी बोलायला लागतात. गावोगाव तरणी माणसं कामाला बाहेर आणि घरात म्हातारी, तर पुढची वीस वर्षं यांच्यापुढे म्हातारीच येऊन बसणार. त्या थापेवर राहीबाई हसल्या आणि त्यांनी गोजरला काम दिलं. दर मंगळवारी यायचं, खाटेवर बसायचं आणि आजारी असल्याचं सोंग करायचं. डॉक्टरांनी तिच्यावर शिकायचं.

गोजरला हे काम मानवलं. एका मंगळवारी ती विसराळू व्हायची, एका मंगळवारी तिला दम लागायचा, एका मंगळवारी ती नुसती रडायची आणि का रडतेय ते डॉक्टरने काढून घ्यायचं. खाटेवरून उठवताना कोणी दंडाला धरून ओढलं की ती फटकन त्याच्या मनगटावर मारायची. "कोंबडी हाय का मी? काखेत हात घाल." तिचा फटका खाल्लेले डॉक्टर आता शहापुरापासून मुरबाडापर्यंत बसलेत. गावात तिला खोटी आजारी म्हणायला लागले. येताजाता कोणीतरी विचारायचं, आज काय झालंय गो तुला. ती म्हणायची, आज मला लकवा हाय, लांब ऱ्हा.

शिकणाऱ्यांत ऋतिक नावाचा एक डॉक्टर होता. कल्याणकडचा, हुशार, हात हलका. गोजरचा तो लाडका होता, म्हणजे त्याला ती जरा हळू मारायची. राहीबाई जे सांगायच्या ते तो वहीत लिहून घ्यायचा. एक गोष्ट त्याने दोनदा लिहिली होती, आणि खाली रेघ मारली होती: म्हातारं माणूस एकटं असताना बोलायचं, सांभाळणाऱ्याला आधी बाहेर बसवायचं.

लिहिली होती, पण श्रावणातल्या त्या मंगळवारी त्याला ती आठवली नाही.

त्या दिवशी राहीबाई वॉर्डात होत्या. गोजर प्लास्टरच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर आपली पाळी यायची वाट बघत बसली होती. तेवढ्यात एक माणूस आईला दोन्ही हातांवर उचलून आत घेऊन आला. मनोज त्याचं नाव. मुरबाड लाइनीवर जीप चालवायचा. आई पारू, सत्तरीच्या पुढची, अंगाने चिमणी. उजवा हात कोपराखाली सुजून दुधीसारखा झालेला. मनोजने तिला खाटेवर अलगद ठेवलं, तिचा पदर सारखा केला, स्वतःच्या रुमालाने तिचं नाक पुसलं. ऋतिकला तो माणूस आवडला. गोजर मात्र स्टुलावर पुढे सरकली. डॉक्टर यायच्या आधी म्हातारीचे केस विंचरायचे, तोंड पुसायचं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

ऋतिकने विचारलं, आजी, काय झालं. मनोज म्हणाला, मोरीत पडली. कधी पडल्या? सकाळी, म्हणाला मनोज. चक्कर आली होती का? नाय, शेवाळ हाय ना, पाय सरकला. पारू छताच्या पंख्याकडे बघत होती. ऋतिकने एक्स-रे काढला, दोन हाडांपैकी करंगळीकडचं एक मोडलं होतं, तेही मधोमध. त्याने दुसरा हात तपासला. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. तुळस, विंचू, ठिपक्यांच्या रांगा. या भागातल्या म्हाताऱ्यांचे हात असेच असतात, निळेहिरवे. ऋतिक हसून म्हणाला, आजी, गोंदण छान आहे, आणि केसपेपरवर लिहिलं: मोरीत पडून दुखापत, दोन्ही हातांवर जुनं गोंदण. प्लास्टर घालून घरी पाठवायचं.

गोजर स्टुलावरून उठली. तिला डोळ्यांनी जवळचं कमी दिसतं, पण चार हातांवरून तिला दिसलं ते पुष्कळ होतं.

"डाक्टर, हिला लघवीला झालीय. बापये भायेर व्हा."

मनोज म्हणाला, राहू द्या, घरी मीच नेतो. गोजरने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती ऋतिककडे बघत राहिली. ऋतिक घोटाळला, मग त्याला वहीतली रेघ आठवली असावी. तो मनोजला म्हणाला, चला, दोन मिनिटं बाहेर थांबू. मनोज उठला, पण जाताना आईच्या पायाचा अंगठा धरून हलवला. बाहेरच्या माणसाला ती माया वाटली असती. पारूचा सगळा पाय थरथरला.

गोजरने पडदा ओढला. पारूचा धड हात आपल्या मांडीवर घेतला आणि तुळशीच्या बाजूला अंगठा दाबला. पारूने हात मागे खेचला.

"गोंदान पन्नास वर्सांनी दुखतंय व्हय गो?" गोजरने विचारलं. "कशानं मारतो?"

पारू म्हणाली, पडली. गोजरने पुन्हा विचारलं. पारू पुन्हा तेच म्हणाली, त्याच चालीवर, जसं पोरं पाढा म्हणतात. तेव्हा गोजर तिच्या कानाशी वाकली.

"माझी सासू पन पडायची. मीच पाडायची तिला. आता सांग."

पारूने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग मोडका हात तिने हळूहळू उचलला, दुखत असून उचलला, आणि डोक्यावर आडवा धरला, मनगटाची बाहेरची बाजू वर. तसाच धरून ती म्हणाली, "पाटानं. आज नेली तर जित्ती ठेवायचा नाय."

पडद्यामागे मनोज उभा होता. बाहेरच्या बाकावरून ऋतिकची नजर चुकवून तो कधी मागे फिरला ते कोणाला कळलं नाही. त्याने पडदा कडीसकट खाली ओढला, गोजरचा अंबाडा मुठीत धरला आणि तिचं कपाळ खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. पहिल्या आपटीला भुवई फुटली. दुसऱ्या आपटीला तिला काही दिसेना, डोळ्यांत रक्त उतरलं. रांडे, माझ्या घरात नाक घालतेस, असं काहीसं तो बोलत होता. पारू तोंडातून आवाज न काढता खाटेच्या दुसऱ्या टोकाला सरकत होती.

गोजर सत्तरीची असली तरी मार तिला नवा नव्हता. मार नवा नसला की माणूस घाबरण्यात वेळ घालवत नाही. तिने चाचपडून त्याचा हात शोधला आणि अंगठा तोंडात घेतला. समोरचे दात नव्हतेच, तिने दाढांनी धरला. हाड लागेपर्यंत धरला. मनोज बैलासारखा ओरडला, त्याने दुसऱ्या हाताने तिच्या कानशिलात मारली, तरी तिने सोडलं नाही. ऋतिक धावत आला आणि मधे पडला, तर मनोजचं कोपर त्याच्या नाकावर बसलं. प्लास्टर भिजवायचं घमेलं उलटलं, सगळीकडे पांढरा चिखल झाला, त्यात मनोजचा पाय सरकला आणि तो पाठीवर पडला. तेव्हा वॉचमन आला. त्याने काठी चालवली, आणि मनोजने हात डोक्यावर घेतले तरी चालवतच राहिला. गोजर भिंतीला टेकून तोंडातलं रक्त थुंकत ते बघत होती. खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटत होतं. ऋतिकच ओरडला, बस करा, मरेल तो.

पुढल्या तासाभरात सगळं उलटं झालं. हवालदार आला. मनोजला वॉचमनच्या खोलीत बसवलं होतं, बाहेर त्याच्या भावकीतले सहाजण जीप घेऊन उभे राहिले होते. हवालदाराने पारूला विचारलं. पारू म्हणाली, पडली. गोजरकडे बोट करून विचारलं, या म्हणतात ते? पारूने डोळे मिटले. हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने राहीबाईंना सरळ सांगितलं की आई म्हणते पडली, तुमच्याच डॉक्टरचा कागद म्हणतो पडली. दवाखान्यातल्या मारामारीची तक्रार मी घेतो, पण त्यात हा संध्याकाळी सुटेल, आणि आई त्याच्याबरोबरच जाईल.

राहीबाई गोजरच्या भुवईला टाके घालत होत्या. त्यांनी ऋतिककडे बघितलं. ऋतिक नाकात बोळा घालून बसला होता. तो म्हणाला, मॅडम, मी दोन्ही हात बघितले, गोंदण होतं. आजींना संशय आला हे खरं, पण संशय कागदावर कसा लिहू? आजी, तुम्हाला नक्की कसं कळलं?

हे सांगायचं तर काय सांगावं लागेल ते गोजरला माहीत होतं. या दवाखान्यात तिला आजी म्हणत. डॉक्टर पोरी तिच्या डब्यातली भाकरी मागून खात. पोरांच्या लग्नाच्या पत्रिका तिला येत. नाही सांगितलं तर जीप बाहेर उभी होतीच, आणि पारूच्या घरी पाट होता.

चौथा टाका पडला.

"माझी सासू सावळी," ती म्हणाली. "तिला लकवा झाला. सा वर्सं पडून व्हती. काळूराम मला मारायचा तवा ती दारात बसून सुपारी कातरायची. मी इसरले नाय. ती पडली तशी मी मारायला लागले. पयल्यांदा रागानं मारलं. मंग अंथरून भिजवलं म्हणून, मंग रडली म्हणून, मंग काय पन नसताना. लाटण्यानं मारायची. हातावर मारायची, गोंदान हाय तिथं. निळ्यावर निळं दिसत नाय."

राहीबाईंची सुई हातात तशीच राहिली. गोजर थांबली नाही. किन्हवलीचे डॉक्टर दोनदा घरी आले होते. गोजर दोन्ही वेळा खाटेपाशी उभी होती, सावळीचे केस विंचरलेले होते. डॉक्टरांनी विचारलं, सावळी म्हणाली पडले, डॉक्टर जाताना गोजरला म्हणाले, फार करतेस गो पोरी. त्यांनी तिला बाहेर जा म्हटलं असतं तर, म्हणून गोजर थांबली, आणि मग ते वाक्य तिने सोडूनच दिलं. शेवटच्या उन्हाळ्यात तिने सावळीला ओट्यावरून ढकललं. खुबा मोडला. दोन महिन्यांनी सावळी मेली.

"मी मारली का ती मेली, ते मला अजून नाय कळलं," गोजर म्हणाली. "पन हात कसा दिसतो ते कळतंय. जा. बॅटरी घे. ठिपके मोज. गोंदनारीन ठिपके वळीत घालते. वळीच्या भायेर जे निळं हाय ते तिनं नाय घातलेलं. आन दंड बघ, पाठीमागून. बोटं सापडतील."

ऋतिक तिच्याकडे बघत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते गोजरने बघितलं आणि तिने नजर बाजूला नेली नाही. मग तो बॅटरी घेऊन गेला.

तो अर्धा तास पारूपाशी होता. विंचवाच्या नांगीपाशी ठिपक्यांची रांग मोडून एक पट्टा आडवा गेला होता. तो निळा होता. त्याच्या खाली दुसरा, हिरवट. कोपराशी तिसरा, पिवळा पडलेला. तीन रंगांचे म्हणजे तीन वेगवेगळ्या दिवसांचे, एका सकाळी मोरीत पडून असं होत नाही. डाव्या दंडाच्या मागे चार बोटं उठली होती. मग त्याने एक्स-रे पुन्हा उजेडाला धरला. पडणारं माणूस तळवा टेकवतं, मनगटाशी मोडतं. हे हाड मधोमध मोडलं होतं, करंगळीच्या बाजूला, पारूने गोजरला हात डोक्यावर धरून दाखवला होता त्याच बाजूला. त्याने फोटो काढले, राहीबाईंना बोलावलं, आणि केसपेपरवरच्या आपल्या दोन ओळींवर काट मारून बाजूला सही केली. खाली नवीन पानभर लिहिलं. हवालदाराने ते दोनदा वाचलं. मग भावकीतल्या माणसांना त्याने सांगितलं की जीप घेऊन जा, म्हातारी इथेच राहणार. मनोजला त्याने आपल्याबरोबर नेलं. जाताना मनोजने गोजरला म्हटलं, तुझं घर मला माहीत आहे. ती म्हणाली, ये, मुसळ हाय अजून.

घरी जाऊन तिने साईनाथला सगळं सांगितलं. गावातून कळण्याआधी आपल्या तोंडून कळावं म्हणून. तो जेवत होता. सून भाताचं पातेलं हातात घेऊन उभी राहिली. साईनाथने घास गिळला.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "लाटनं मीच नदीत टाकलं व्हतं." आणि पुढचा घास घेतला. सून त्या दिवसापासून भाकऱ्या थापते, पोळ्या करत नाही.

पुढल्या मंगळवारी गोजर जाईल असं कोणाला वाटलं नव्हतं. ती गेली. भुवईवर पट्टी, अर्धा चेहरा काळानिळा. पारू वॉर्डात होती, तिची मुलगी कसाऱ्याहून तिला न्यायला आली होती. शिकणारे बाराजण हॉलमध्ये बसले होते. त्यांना सगळं कळलेलं होतं. नेहमीसारखं आजी आजी कोणी केलं नाही. भूमिका नावाची एक डॉक्टर, जी गोजरच्या डब्यातली भाकरी हक्काने काढायची, ती खिडकीकडे तोंड करून बसली. राहीबाईंनी विचारलं, आज कोणता आजार करणार?

"आज मी आजारी नाय," गोजर म्हणाली. "आज मी सून हाय. आजारी दुसरं कोन तरी करा."

राहीबाईंनी भूमिकेला हॉलमधल्या पडद्याच्या खाटेवर झोपायला सांगितलं. ती मनाविरुद्ध झोपली. गोजरने तिची बाही वर केली, निळ्या पेनाने तिच्या हातावर ठिपक्यांच्या रांगा काढल्या, मधे तुळस काढली, आणि मग त्यावरून अंगठ्याने शाई आडवी फासली. तिचे केस विंचरले. तिच्या अंगावर चादर सारखी केली. हे सगळं करताना तिचे हात असे सराईत चालले होते की हॉलमध्ये कोणी हललं नाही. मग ती खाटेपाशी उभी राहिली, आणि तिचा चेहरा बदलला. मऊ झाला. बारा डॉक्टरांनी असा मऊ चेहरा आपल्या ओपीडीत शंभरदा बघितला असेल.

एकेकाने यायचं होतं. पहिला आला, त्याने विचारलं काय झालं. गोजर म्हणाली, काय सांगू दादा, कितीदा सांगते उठू नको, ऐकत नाय, पडली. डोळ्यांत पाणी आणलं. त्याने औषध सांगितलं आणि तो गेला. दुसरीने हात तपासला, शाई बघितली, पण प्रश्न गोजरलाच विचारत राहिली. गोजर उत्तरं देत राहिली, गोड आवाजात, एकातून दुसरं काढत. तिसरा तर म्हणाला, तुम्ही फार करता त्यांचं. पाठीमागे कोणीतरी श्वास आत ओढला. गोजरने त्या पोराला हात जोडले, जसे चाळीस वर्षांपूर्वी जोडले होते.

चौथा ऋतिक आला. नाक अजून सुजलेलं होतं. त्याने गोजरला काही विचारलं नाही, हाताकडे पण बघितलं नाही. तो खाटेच्या आणि तिच्या मधे येऊन उभा राहिला.

"तुम्ही बाहेर बसा," तो म्हणाला. आजी म्हणाला नाही.

गोजर म्हणाली, मी तिची सून हाय, घरी सगळं मीच करते, तिला माझ्याबिगर करमत नाय. आवाज गोडच होता, पण कडेला धार आली होती. तिने खाटेचा दांडा धरला. सोंग होतं हे सगळ्यांना माहीत होतं, तरी पुढच्या रांगेतला एकजण खुर्चीवरून अर्धा उठला.

ऋतिकने दरवाजा उघडून धरला.

गोजरने दांडा सोडला. चादरीखालच्या पोरीकडे एकदा बघितलं, आणि ती बाहेर गेली. हॉलला लागूनच, प्लास्टरच्या खोलीसमोर, मनोज बसला होता तो बाक रिकामा होता. त्यावर ती बसली. आत पडदा ओढल्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागे ऋतिकचा, अगदी हळू, आजी, आता सांगा.